ढवळू नकोस! फिलिपिनो घरचं जेवण आपल्या गॅसवर कसं करायचं

फिलिपिन्समध्ये कुणी जेवत असलं आणि तुम्ही समोरून गेलात की आतून हाक येते, काइन तायो! म्हणजे चला, जेवूया. आपल्या "या जेवायला"सारखंच आहे ते, आणि त्यावर आपल्यासारखंच "नको नको, आत्ताच झालं" म्हणून पुढं सरकायचं असतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मनिलाला नोकरीसाठी गेलो, मंडालुयोंगमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरून हाक आली तर मी खरंच चप्पल काढून आत जाऊन बसलो. घरमालकीण बाईंनी भुवईसुद्धा न हलवता एक ताट वाढलं, चमचा उजवीकडं, काटा डावीकडं, मधे भाताचा डोंगर. पुढची चार वर्षं मी त्या टेबलावर जेवलो आणि त्यांच्या ओट्यापाशी उभा राहून जे काही शिकलो तेच इथं लिहितोय.

या बाईंना मी आते म्हणायचो. तिथं मोठ्या बहिणीला आते म्हणतात, सख्खी नसली तरी वयाने थोडी मोठी असलेली कुठलीही बाई आतेच, आणि मोठा भाऊ कुया. मी देवगडला फोन करून "आज आतेनं कोंबडी केली होती" म्हटलं की आईला पहिले काही महिने कळायचंच नाही की बाबांची बहीण मनिलाला कधी गेली. आतेची आई, म्हणजे लोला (आजी), मूळची बिकोल भागातली, मायोन ज्वालामुखीच्या आल्बाय प्रांतातली. तिला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं आणि मला तागालोग येत नव्हतं, पण एक वाक्य तिनं मला इतक्या वेळा ऐकवलंय की ते आता झोपेतही येईल: हुवाग मोंग हालुइन. ढवळू नकोस.

ते जेवण करायचं तर आपल्या लोकांना सगळ्यात अवघड जाते ती हीच गोष्ट. आपला हात सारखा डावाकडं जातो आणि डाव नसला तर मसाल्याच्या डब्याकडं. सिनिगांग, म्हणजे तिकडचा आंबट रस्सा, बनवताना "जरा हळद टाकली तर?" असं वाटणारच, मलाही वाटलं. टाकू नका. एकदा त्यांच्या पद्धतीनं करून खा, मग तुमचं किचन तुमचे नियम.

आधी सामान बघूया, कारण निम्मा खेळ तिथंच आहे.

सगळ्यात महत्त्वाचं व्हिनेगर, त्याला ते सुका म्हणतात. हा शब्द मलायमार्गे संस्कृत चुक्रपासून गेलाय, म्हणजे आपला आंबट चुका आणि त्यांचा सुका नात्यातले. तिकडं उसाचं व्हिनेगर असतं, आणि माडाच्या तुबाचं असतं. तुबा म्हणजे आपली माडी, सरळ. त्यामुळं गोव्यात मिळणारं माडाच्या सुरेचं व्हिनेगर या कामाला एकदम फिट, मुंबई-पुण्यातही गोवन सामानाच्या दुकानात बाटल्या मिळतात. ते नाही मिळालं तर उसाचं किंवा सफरचंदाचं चालेल. पण किराणा दुकानातली ती पाण्यासारखी स्वच्छ, सिंथेटिक लिहिलेली बाटली आणू नका, ते पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड आहे, नुसतं नाकात जातं आणि चवीला काही मागे राहत नाही. चायनीज भेळेसाठी ठीक आहे, आदोबोसाठी (व्हिनेगर-सोयातली कोंबडी, पुढं येतेच) नाही.

मग सोया सॉस (तोयो). चिली चिकनचा जाड काळा डार्क सॉस नको, पातळ लाइट सोया आणा. नंतर पातीस, म्हणजे फिश सॉस, छोटे मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून गाळलेलं पाणी. बाटली उघडल्यावर घरातले लोक खिडक्या उघडतील, उघडू द्या, कढईत गेल्यावर तो वास राहत नाही आणि ज्यांच्या घरी पावसाळ्यात सुकट भाजली जाते त्यांनी तर बोलूच नये. बागोओंग म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोलीम मिठात आंबवून केलेली लगदा-पेस्ट. ती नाहीच मिळाली तर भाजलेला सुका जवळा, मीठ आणि थोडा लसूण खलबत्त्यात कुटून घ्या, तंतोतंत तीच चव नाही येणार पण काम भागतं. कालामान्सी हे गोटीएवढं लिंबू, त्याच्या जागी आपलं लिंबू आणि त्यात दोन थेंब संत्र्याचा रस. सिलिंग लाबुयो मिरचीच्या जागी लवंगी मिरची.

आणि भात. भाताशिवाय यातलं एकही सार्थकी लागत नाही. तागालोगमध्ये भाताबरोबर जे खायचं त्याला उलाम असा वेगळा शब्दच आहे, मग ते मासे असोत, भाजी असो की तळलेलं अंडं. आपल्या गावाकडं कोरड्यास म्हणतात ना, तसं. बासमती नको, तो सुटा पडतो आणि रस्सा धरत नाही. कोलम किंवा आंबेमोहोर घ्या. पाण्याचं माप आते कधी वाटीनं घ्यायची नाही, धुतलेल्या तांदळावर बोटाचं टोक टेकवायचं आणि पहिल्या पेरापर्यंत पाणी. पातेलं लहान असो की मोठं, माझा तरी भात या मापानं कधी बिघडला नाही.

आदोबो

इथून सुरुवात करा. यात नेमकं काय लागतं ते बघितलं की हसू येतं, व्हिनेगर, सोया, लसूण, मिरी, तमालपत्र, झालं. स्पॅनिश लोक तिकडं आले तेव्हा तिथली माणसं मांस व्हिनेगर-मिठात शिजवून टिकवतच होती. स्पॅनिशांना ते स्वतःच्या देशातल्या आदोबोसारखं, म्हणजे मुरवणासारखं वाटलं आणि त्यांनी तेच नाव चिकटवलं. १६१३ साली छापलेल्या स्पॅनिश-तागालोग शब्दकोशात "इथल्या लोकांचा आदोबो" अशी नोंद आहे. आपल्या गोव्यात पोर्तुगीजांच्या वाइन-लसणाच्या मांसाचं विंदालू झालं, तो तसाच काहीसा प्रवास, फक्त आपण त्यात मिरच्या आणि मसाला ओतला आणि तिकडं पदार्थ आधीच होता, नाव तेवढं पाहुणं आलं.

एक किलो कोंबडी घ्या, हाडासकट, तंगड्या-मांड्यांचे तुकडे, जमलं तर कातडीसकट. नुसतं ब्रेस्ट घेतलं तर भुसा होतो. अर्धा कप सोया आणि अख्खा एक गड्डा लसूण, सोलून दगडानं नुसता चेचलेला, हे कोंबडीला लावून अर्धा तास ठेवा. मीठ आत्ता नाही, सोयात भरपूर असतं. मग स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल तापवून कोंबडीचे तुकडे निथळून दोन्ही बाजूंनी लाल करून घ्या. ॲल्युमिनियमची कढई इथं नको, व्हिनेगर तिला खातं आणि रश्श्याला पत्र्याची चव येते. लाल झालं की उरलेलं सोया-लसणाचं पाणी घाला, एक कप साधं पाणी, एक चमचा अख्खी मिरी, आणि तीन लॉरेलची पानं. आपलं तमालपत्र वेगळ्या झाडाचं आहे, त्याला दालचिनीसारखा वास असतो, तेच वापरणार असाल तर एकच पान टाका नाहीतर पुलाव झाल्यासारखं वाटतं.

उकळी आली की अर्धा कप व्हिनेगर कडेनं सोडा. आणि आता हात मागे. झाकण नाही, डाव नाही, काही नाही.

मी पहिल्यांदा इथंच माती खाल्ली. व्हिनेगर ओतलं आणि सवयीनं लगेच खालून वर ढवळून झाकण ठेवलं, वर वीस मिनिटं फोनवर बोलत बसलो. दिसायला सुंदर, वास बरा, पहिला घास घेतला आणि घशात कळ. आतेनं एक चमचा चाखला, माझ्याकडं बघितलं, आणि एकच शब्द बोलली, हिलाव. कच्चं. कोंबडी नाही, व्हिनेगर कच्चं. तिथं व्हिनेगरसुद्धा शिजावं लागतं. उघड्या पातेल्यात ते पाच-सात मिनिटं खदखदू दिलं की नाकात जाणारी वाफ उडून जाते आणि मागे गोल आंबटपणा राहतो. तुम्ही पातेल्यावर वाकून वास घ्या, डोळे चुरचुरले तर अजून वेळ आहे, नुसता आंबूस खमंग वास आला तर झालं. मगच ढवळा, झाकण ठेवा, आणि बारीक गॅसवर पंचवीस-तीस मिनिटं.

शेवटी झाकण काढून रस्सा आटवायचा. कुणी पातळ ठेवतं, कुणी नुसतं तेल दिसेपर्यंत आटवतं, आतेच्या घरी या एका मुद्द्यावर नवरा-बायकोत रोज वाद. मला मधला आवडतो, भातावर चार चमचे पडेल एवढा. वाटलं तर चिमूटभर साखर. सोया अजिबात न घालता मिठावर केला तर तो पांढरा आदोबो, आणि सोयाची बाटली नंतर आली असल्यामुळं जुनी पद्धत तीच. बातांगास भागात त्यात हळद घालतात, म्हणजे वर मी हळद नको म्हणालो ते इथं मागे घेतो, पण फक्त इथंच.

आणि आज करून उद्या खा. खरंच.

सिनिगांग

बाहेर धो धो पाऊस, ऑफिसातून भिजत आलेला माणूस, आणि टेबलावर सिनिगांगचं पातेलं. याच्यापुढं मला दुसरं काही आठवत नाही. हा आंबट रस्सा, इतका आंबट की पहिल्या चमच्याला एक डोळा आपोआप मिटला पाहिजे, तो नाही मिटला तर लोला म्हणायची, नळाचं पाणी आहे.

आंबटपणा कुठून येतो यावर घरं ओळखता येतात. सगळ्यात जास्त चालते ती हिरवी चिंच. पण कैरी, पेरू, सांतोल नावाचं फळ, आणि कामियास सुद्धा. कामियास म्हणजे आपली बिलिंबी, कोकणात परसात झाडाच्या बुंध्याला लगडलेली असते आणि आपण लोणच्यापलीकडं तिला विचारत नाही. ज्यांच्या घरी झाड आहे त्यांनी हा पदार्थ करायलाच हवा. पिकल्या चिंचेचा कोळ मात्र नको, रंग काळपट होतो आणि आमटीची आठवण यायला लागते.

अर्धा किलो कोळंबी घ्या, मोठी, डोकी ठेवलेली. तिकडं डुकराच्या बरगड्यांचं आणि बांगुस माशाचंही करतात, बरगड्या असतील तर त्या आधी तास-दीड तास शिजवून घ्याव्या लागतात, आणि बांगुसला काटे इतके की मी एकदा खाऊन हात जोडले. आपल्याकडं रावसाच्या तुकड्यांचं उत्तम होतं.

रश्श्याला नळाचं पाणी नाही वापरायचं, तांदळाचं धुवण वापरायचं. पहिलं पाणी फेकून द्या, दुसऱ्यांदा तांदूळ चोळून धुतलेलं पांढरं पाणी सहा कप बाजूला ठेवा. त्यानं रश्श्याला किंचित अंग येतं. त्यात एक कांदा चार फोडी करून, दोन टोमॅटो, आणि सोललेल्या चार-पाच अळकुड्या घालून उकळायला ठेवा. पाव किलो हिरव्या चिंचा वेगळ्या पाण्यात मऊ शिजवून, कुस्करून, गाळून तो रस तयार ठेवा. बिलिंबी असेल तर दहा-बारा सरळ पातेल्यातच टाका आणि मऊ झाल्या की चमच्यानं दाबा. अळकुड्या शिजून त्यातली एखादी पातेल्याच्या कडेला दाबून फोडली की रस्सा हलका दाट होतो, ही आतेची ट्रिक.

मग भाज्या, कडक आधी मऊ नंतर. मुळ्याच्या चकत्या, पाच मिनिटांनी चवळीच्या शेंगा बोटभर लांब तोडून, वांग्याच्या फोडी, अख्खी भेंडी (चिरायची नाही, नुसतं देठ काढायचं, नाहीतर तार सुटते), दोन अख्ख्या हिरव्या मिरच्या. चिंचेचा रस, दोन चमचे पातीस. कोळंबी अगदी शेवटी, तीन-चार मिनिटं, वाकडी होऊन लाल झाली की बास. गॅस बंद करून कांगकोंगची पानं वर टाका आणि झाकण ठेवा. कांगकोंग म्हणजे पाण्याकाठी वाढणारी पोकळ देठाची नाळीची भाजी, न मिळाल्यास पालक.

तिकडं चिंचा उकळत बसायला रोज कुणाला वेळ नाही, सिनिगांग मिक्सचं पाकीट टाकतात आणि कुणी लाजत नाही. तुम्हाला पाकीट मिळालं तर वापरा, फक्त मग पातीस अर्धं करा कारण पाकिटात मीठ असतं.

बाजूला छोट्या वाटीत पातीस, लिंबू आणि चेचलेली लवंगी मिरची. याला सावसावान म्हणतात आणि हे ज्याचं त्यानं करायचं असतं. स्वयंपाक करणारी बाई पातेल्यात सगळं फायनल करत नाही, थोडं अपुरंच ठेवते, उरलेलं प्रत्येकजण आपल्या ताटात जुळवतो. मला हे फार आवडलं, कारण आमच्या घरी "मीठ कमी पडलंय का" हा प्रश्न विचारला की अर्धा तास वातावरण गंभीर.

आजारी माणसासाठी: तिनोला आणि आरोस काल्दो

तिनोला पटकन सांगतो. लसूण, कांदा आणि भरपूर आलं (बोटभर लांब तुकडा, काड्या करून) तेलात परता, कोंबडीचे तुकडे टाकून पातीस घालून परता, पाणी घाला, कोंबडी शिजत आली की कच्च्या पपईच्या फोडी, त्या मऊ झाल्या की ओंजळभर शेवग्याचा पाला. शेवग्याचा पाला तिकडं घराघरात, मालुंगाय म्हणतात, बाळंतिणीला दूध यावं म्हणून तर हटकून देतात. आपल्या लोकांना हे सूप पहिल्यांदा फिक्कं वाटतं. दुसऱ्या वाटीला वाटत नाही.

आरोस काल्दो म्हणजे कोंबडी घालून केलेली तांदळाची पेज. एक कप तांदूळ (निम्मा चिकट तांदूळ असेल तर छान), आल्या-लसणावर परतलेली कोंबडी, आठ कप पाणी, आणि तांदळाचा कण फुटेपर्यंत बारीक गॅसवर. इथं मात्र ढवळायचं, नाहीतर बुडाला लागतं. वर तळलेला लसूण, पातीची कांदापात, उकडलेलं अंडं, लिंबू. पिवळ्या रंगासाठी ते कासुभा टाकतात, म्हणजे करडईच्या वाळवलेल्या पाकळ्या. शब्द ओळखीचा वाटला का? कुसुंभ. सोलापूरकडच्या लोकांच्या शेताच्या बांधावर उभं असलेलं काटेरी पीक हे, आपण त्याचं तेल काढलं आणि त्यांनी फूल घेतलं. मला तिथं एकदा डेंग्यू झाला होता तेव्हा आठ दिवस दुसरं काही पोटात गेलं नाही, आते डबा दारात ठेवून जायची आणि खालून ओरडायची, कुमाइन का ना? जेवलास का?

लाइंग, म्हणजे अळूच

आता माझा आवडता भाग. लोलाच्या बिकोलमध्ये नारळ आणि मिरची या दोन गोष्टींशिवाय चूल पेटत नाही. तिचा लाइंग म्हणजे वाळवलेली अळूची पानं नारळाच्या दुधात तेल सुटेपर्यंत शिजवलेली. पहिल्यांदा ताटात बघून मी म्हटलं अरे हे तर फदफदं! नाही. फदफदं आंबट-गोड, सैल, दाणे-खोबऱ्याचे काप मिरवणारं. हे घट्ट, हिरवट काळं, तिखटजाळ, आणि नारळाच्या सायीनं जड. मांडीला मांडी लावून दोन्ही एकाच पंगतीत बसतील पण बहिणी नाहीत, मावसबहिणी.

अळू खाजतं का हा प्रश्न तिकडंही तितकाच ज्वलंत. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशात टोचतात. आपण चिंच घालतो. ते पानं वाळवतात आणि मग न ढवळता खूप वेळ शिजवतात. लोलाचं ठाम मत की दूध आटायच्या आत ढवळलं की लाइंग खाजणार. मी तिच्या नकळत एकदा झाकण उघडून डाव घातला, तर मागून पळी हातावर बसली. लागलं नाही फार. पण त्या दिवशी खरंच थोडं खाजलं, त्यामुळं मी वाद घालायच्या पोझिशनमध्ये नव्हतो. माझा अंदाज असा की ढवळलं की पानं वर येतात, वरची पानं अर्धकच्ची राहतात, आणि तीच घशाला धरतात.

तर पद्धत. वडीचं काळ्या देठाचं अळू घ्या, पंधरा-वीस मोठी पानं. देठ काढून, पानं हातानं मोठी फाडून सुपात पसरा, दोन-तीन दिवस उन्हात वाळवा, पापडासारखी कुरकुरीत झाली पाहिजेत. साधारण शंभर ग्रॅम वाळलेली पानं निघाली की चार माणसांना पुरतं. पावसात वाळणार नाहीत तेव्हा हा उद्योग करू नका, नुसती सुकलेली मऊ पानं सगळ्यात जास्त खाजतात.

दोन नारळ खवून घट्ट पहिलं दूध वेगळं काढा (त्याला काकांग गाता म्हणतात), मग पाणी घालून दुसरं पातळ दूध, साधारण चार कप. जाड पातेल्यात पातळ दूध, आल्याच्या काड्या, सहा-सात लसूण पाकळ्या, एक चिरलेला कांदा, दोन चमचे बागोओंग किंवा आपला कुटलेला जवळा, आणि पाच-सहा लवंगी मिरच्या चेचून. आवडत असेल तर मूठभर सोललेली कोळंबी किंवा डुकराचं चरबीवालं मांस बारीक तुकडे करून. उकळी येऊ लागली की वाळलेली पानं वर नुसती पसरा. ढवळायचं नाही. पळीच्या पाठीनं हलकेच दाबून दुधात बुडवा. बारीक गॅस, झाकण, चाळीस मिनिटं. मधे दोनदा झाकण उघडून परत दाबा, तेवढीच परवानगी.

पानं मऊ झाली, दूध शोषलं गेलं की मग घट्ट दूध ओता. आता ढवळलं तरी चालेल, लोलानं सर्टिफिकेट दिलंय. अजून पंधरा-वीस मिनिटं, कडेला तेल दिसायला लागेपर्यंत. बुडाला जरासं लागलं तर घाबरू नका, खरवडून खाणारे घरात निघतातच. गरम भात, बाजूला तळलेला मासा, आणि फोन सायलेंटवर.

मांस-मासळी न खाणाऱ्यांनी

नाराज होऊ नका. लाल भोपळा आणि चवळीच्या शेंगा नारळाच्या दुधात, याला गिनाताआंग कालाबासा म्हणतात, लसूण-कांदा परतून भोपळा-शेंगा टाकायच्या, पातळ दुधात शिजवून शेवटी घट्ट दूध, दहा-पंधरा मिनिटांचं काम. एरवी कोळंबी आणि बागोओंग असतं, तुम्ही मीठ आणि एक चमचा सोया घाला. शेंगांचा किंवा कांगकोंगचा आदोबोही करतात, आदोबोचीच सगळी गणितं पण शिजायला दहा मिनिटं.

कारे-कारे म्हणून शेंगदाण्याच्या कुटातला दाट रस्सा असतो, मूळ गाईच्या शेपटीचा, पण त्यात केळफूल, वांगी, शेंगा असतातच, मी श्रावणात आईसाठी फक्त भाज्यांचा केला होता. भाजलेले दाणे बारीक वाटून, भाजलेल्या तांदळाची पूड घालून दाट करायचा. १७६२ ते १७६४ मध्ये ब्रिटिशांनी मनिला ताब्यात घेतलं तेव्हा मद्रासकडचे हिंदी शिपाई सोबत होते, त्यातले काही परत गेलेच नाहीत, जवळच्या काइंता गावात राहिले, आणि त्यांच्या "करी"वरून हे नाव पडलं अशी एक कथा तिकडं सांगतात. आईला कथा आवडली, पदार्थाबद्दल म्हणाली, "दाण्याची आमटीच की रे, उगाच विमानानं गेलास."

चांपोरादो

तुफानाचा सिग्नल लागला, शाळेला सुट्टी जाहीर झाली की दुसऱ्या मिनिटाला घरातली पोरं याची मागणी करतात. चॉकलेटची खीर म्हणा. एक कप चिकट तांदूळ पाच कप पाण्यात मऊ शिजवा, सतत ढवळत, मग अर्धा कप बिनसाखरेची कोको पावडर थोड्या गरम पाण्यात कालवून घाला, अर्धा कप साखर, वाढताना वरून दुधाची धार. तिकडं कोको पावडर नाही, भाजलेल्या कोकोच्या बियांच्या वड्या असतात, ताब्लेआ. मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून मनिलाला १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं गलबतं येत होती, कोको त्यातूनच आला आणि या खिरीचं नावही.

आता खरी गंमत. याच्याबरोबर ते तुयो खातात. खारवलेला, वाळवलेला, तळलेला मासा. हो, चॉकलेटच्या खिरीबरोबर. मी पहिल्यांदा खुर्ची मागे सरकवली होती. पण एक चमचा गोड, एक तुकडा खारट, परत गोड, आणि मग वाटी संपते कधी कळत नाही. सुका बांगडा कडक तळून छोटे तुकडे करा आणि करून बघा, आधी घरच्यांना सांगू नका.

उरलेल्याचं काय

रात्री भात जरा जास्तच लावा, कारण सकाळचा नाश्ता त्याचाच. शिळा भात हातानं मोकळा करायचा, सात-आठ लसूण पाकळ्या बारीक चिरून तेलात मंद आचेवर सोनेरी करायच्या (काळा लसूण कडू, तेव्हा डोळा ठेवा), अर्धा लसूण बाजूला काढून भात टाकायचा, मीठ, मोठ्या आचेवर परतायचा, वर तो काढलेला लसूण. हा सिनांगाग. फोडणीच्या भाताचा लांबचा भाऊ, मोहरी-हळदीशिवाय. त्याच्याबरोबर तळलेलं अंडं, म्हणजे इतलोग, आलं की दोन्ही शब्द जोडून सिलोग होतो, आणि पुढं जे काय असेल त्याचं नाव लागतं. वाळवलेल्या मांसाचा तापा असेल तर तापसिलोग, सॉसेज म्हणजे लोंगानिसा असेल तर लोंगसिलोग.

आणि कालचा आदोबो उरला असेल, म्हणजे तुम्ही थोडा लपवून ठेवला असेल, तर हाडं काढा, मांस बोटांनी सोडवून बारीक रेषा करा, रश्श्यावर गोठलेली चरबी एक चमचाभर तव्यात टाका आणि त्यातच त्या रेषा कुरकुरीत होईस्तोवर तळा. सिनांगाग, अंडं, वर हा आदोबोचा चुरा, आणि बाजूला व्हिनेगरमध्ये मिरची-लसूण. पिवळा बलक फोडून भातात कालवा. इथं ढवळलेलं चालतं.